चार नंबरचं बटण

७ जानेवारी १९४६, नागपूर
आज कामावर रुजू झालो. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत आमचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. भिंतींना गोणपाट, दाराला गादी. आत शिंकलं तरी बाहेर पत्ता लागत नाही. माझं टेबल मात्र राजेशाही, त्यावर चार बटणांचा मिक्सर. एकेका माइकला एकेक बटण. उजवीकडे फिरवलं की आवाज चढतो, डावीकडे पार नेलं की शून्य. गवई एकवर, पेटी दोनवर, तबला तीनवर. आज तबलजी मस्तीत आला, तसा मी त्याला जरासा डावीकडे घेतला आणि त्या बिचाऱ्याला कळलंही नाही. एवढी सत्ता मला घरात कधी मिळाली नव्हती.

देखरेखीला नत्थूजी आहेत. त्यांनी बजावलं, चार नंबरले माइकच नाही, त्याले शून्यावरच राहू द्या.

खोली मिळाली की प्रेमलताला तिच्या मामाकडून, अमरावतीहून, आणायची. तिची आई, सुमती, गेल्यापासून पोरीला माझ्याशिवाय झोप येत नाही.

११ जानेवारी
संत्री भरपूर, बोलायला माणूस नाही. खानावळीत सगळे ताटात बघून जेवतात. दुपारी कलावंत जेवायला गेले, तेव्हा हेडफोन लावून उगाच चार नंबर चढवला. माइक नाही, तार नाही, आणि कोणीतरी सुपात तांदूळ निवडत होतं. मध्येच थांबून हलकेच खोकलं. त्या खोकल्याशेजारी मी कितीतरी रात्री बसून काढल्या आहेत. सुमती होती. मी रडलो, लपवत नाही.

१५ जानेवारी
आता रोज दुपारी चार नंबर उघडतो. एकचा माइक जवळ ओढून बोललं की तिला ऐकू जातं. प्रेमलताच्या वेण्या कोण घालतं, विचारते. जेवलात का, विचारते. हे मला किती दिवसांत कोणी विचारलं नव्हतं.

नत्थूजी म्हणाले, साहेब, जरा जोऱ्यानं बोला ना, मले ऐकूच नाही येऊन राहिलं. मी तर ओरडत होतो.

१८ जानेवारी
एकच्या माइकसमोर बोललो. मिक्सरवरचा आवाज दाखवणारा काटा हलला नाही. दोनवर नाही, तीनवर नाही. मग चार उघडला. तिथे सुमती होती आणि तिच्या शेजारी माझाच आवाज, स्वच्छ. तिच्याशी जितकं बोलतो तितका मी इकडून कमी होतो आहे.

बटण शून्यावर न्यायला हात घातला. ती म्हणाली, पुन्हा अंधारात एकटी नका टाकू. हात मागे घेतला.

२१ जानेवारी
खानावळीत ताट वाढलं नाही. भूकही नव्हती. नत्थूजींनी खुर्चीवर कोट टाकला. खुर्चीत मी बसलो होतो.

२४ जानेवारी
मारोतराव, प्रेमलताचा मामा, तिला घेऊन आला. नत्थूजी त्याला सांगत होते, साहेब तर तीन-चार दिवसांपासून आलेच नाहीत. मी तिच्यासमोर उभा, हाका मारतोय. ती माझ्याच खुर्चीत बसली. हेडफोन कानाला लावला. चार उघडाच होता —

चेहरा फुलला तिचा. आई, म्हणाली. मग, बाबा.

२५ जानेवारी
हट्ट करून पुन्हा आली. सकाळपासून आमच्याशी बोलतेय. मला बरं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

मारोतराव दोनदा म्हणाला, काय पुटपुटून राहिली वं, नीट बोल. ती नीटच बोलत होती. खणखणीत.

नाही. तिला माझ्यासारखं होऊ देणार नाही.

सुमतीला सांगितलं. ती म्हणते, येऊ द्या की, वेणी घालीन तिची —

बटण बंद केलं तर सुमती गेली. मीही गेलो. पण पोर इकडे राहील. मामाला तिचं बोलणं ऐकू येईल.

बोटांत जोर नाही — तरी बटण फिरतंय — सुमती रडतेय. प्रेमलता विचारते, बाबा, तुमचा आवाज बारीक काहून होऊन राहिला. ती हेडफोन काढत नाही. अजून जरा डावीकडे, बाळा, अजून ज