करंड्यातली सुपारी

प्रिय आई,

उद्या धूळवड. वीर काढायचा की नाही हे आज होळी पेटायच्या आत ठरवायचं आहे आणि विचारायला तू नाहीस, म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, मघापासून उठबसच चालली आहे. दूध उतू गेलं ते वेगळंच.

सासूबाई म्हणतात, आई जाऊन वर्ष झालं नाही, सण कसला करतेस? त्यांचंही बरोबर आहे. ह्यांच्या सातपूरच्या कारखान्याला दसऱ्यापासून टाळं आहे, दिवाळी झाली आणि तू गेलीस. घरात कुणाला पुरण सुचणार? पण सोनूला हे कोण सांगणार! शेजारचा पिंट्या कृष्णाचं सोंग घेऊन त्यांच्या घराण्याचा वीर, कुणा पूर्वजाचा टाक, वाजतगाजत गंगेवर न्हायला नेणार आहे. ते कळल्यापासून ही माझ्या पदराला धरून आहे. मला शंकर कर, म्हणते. शंकरच कुठून आठवला हिला? तूच काहीतरी सांगून ठेवलेलं असणार.

माझ्या लहानपणीचा तो दुष्काळ मला भुकेपेक्षा तुझ्या निळीमुळे जास्त आठवतो. मखमलाबादच्या मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढायला बाबा उतरले आणि वरून दरड आली. वर्षाच्या आत आपण दोघी पंचवटीतल्या त्या एका खोलीत. तू एरवी हार गुंफायचीस, पण फुलंच नव्हती तेव्हा, म्हणून लोकांचं धान्य निवडायला जायचीस. आणि धूळवडीच्या दिवशी तू मला समोर बसवून कपड्यांची नीळ तोंडाला फासलीस! अंगाला चुलीतली राख, गळ्यात सुंभाचा नाग, कपाळावर सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाची चंद्रकोर. ती नीळ नंतर निघता निघेना. शाळेत सगळे हसले, बाई पण हसल्या. त्याचा राग मला अजून आहे, सांगून ठेवते.

आपल्या घराण्याच्या वीराचा चांदीचा टाक बाबांचे थोरले भाऊ म्हणून आबाकाकांकडे होता. उसात बिबट्याशी लढून मेलेला कुणी खापरपणजोबा, त्याचा. तो टाक त्यांचा मुलगा हातात घेऊन नाचत यायचा. आपल्याकडे काय होतं? एक सुपारी. तिला कुंकू लावून, लाल फडक्यात नारळाबरोबर बांधून तू माझ्या ओंजळीत दिलीस, आणि हलगीवाल्यांच्या मागे मागे आपण रामकुंडावर गेलो. गोदागंगेला पाणी असं नव्हतंच, हिरवं डबकं होतं.

तिथे आबाकाकांनी आपल्याला पाहिलं. हा कुणाचा वीर म्हणून विचारलं. तू सांगितलंस, हिच्या बापाचा. ते चारचौघांत म्हणाले, "लढून मरतो त्याला वीर म्हणत्यात. दरडीखाली सापडला त्याला नाय म्हणत. अन् पोरीच्या हातात वीर कुणी देतं का?"

तू त्यांच्यापुढे कधी मान वर केली नव्हतीस. त्या दिवशीही केली नाहीस. खाली बघूनच म्हणालीस, "घरात प्यायला पाणी नव्हतं, आबा, म्हणून उतरले ते. खेळायला उतरले व्हते का?"

मग तू त्या डबक्यात सुपारी धुतलीस आणि पुन्हा माझ्या हातात ठेवलीस. मी विचारलं, बाबा ह्यात आहेत का? तू म्हणालीस, ते काही मला ठाऊक नाही बाई, तू घट्ट धर म्हणजे झालं.

आई, मी धरत होते गं! दरवर्षी. एका वर्षी तर सुपारी कुठे पडली तर ओळखू यावी म्हणून खिळ्यानं तिच्यावर खोल ओरखडा काढून ठेवला. पुढच्या वर्षी बघते तर ओरखडा नाही. तू म्हणालीस, गंगेनं भरून काढला. मी ते खरं मानलं आणि पुष्कळ वर्षं मैत्रिणींना सांगत फिरले.

परवा तुझी पेटी उघडली. बाबा गेल्यावर तू कुंकू लावायचं सोडलंस, पण करंडा टाकला नव्हतास. सुपारी त्यातच होती. उचलली तर बोटांना भुगा लागला. भुंग्यानं आतून पार पोखरली आहे. मला रडूच फुटलं. बाबांना भुंगा लागला, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं. मग रडता रडताच थांबले. चार-पाच वर्षांत ही अशी होते, तर लहानपणी दरवर्षी माझ्या हातात ती टणक, नवी कोरी कशी असायची?

म्हणजे तू बदलत होतीस! माझ्या लग्नानंतर वीर काढायला कुणी उरलं नाही, म्हणून ही शेवटची तशीच राहिली. हो ना? मला एकदा तरी सांगायचंस. आता कुणाशी भांडू?

पण त्यानंतरच माझा जीव थाऱ्यावर नाही. वाटतं, सुपारीत काही नव्हतंच तर मी एवढी वर्षं धरलं काय? आणि लगेच वाटतं, तू दुसऱ्यांचे गहू निवडून यायचीस आणि न चुकता माझ्या बापासाठी चांगली सुपारी निवडायचीस, ते काय कमी होतं?

ह्यांना सांगितलं. हे आधी चिडले. तुझ्या माहेरचा वीर माझ्या पोरीनं का न्यायचा, म्हणाले. काम नसलेला माणूस कशावरही चिडतो. आत्ता लिहिता लिहिता उठून पाहिलं तर ओट्यावर बसून सिगारेटच्या पाकिटातला कागद नखानं सरळ करत होते. सोनू शेजारी कपाळ पुढे करून बसलेली. मग मी सासूबाईंना सांगून टाकलं, पुरण नाही, गोडधोड नाही, पण वीर निघेल. त्यावर नीळ कमी लाव, एवढंच म्हणाल्या.

उद्या ही जुनी सुपारी गंगेत सोडते. सोनूच्या ओंजळीत दोन नव्या असतील, एक बाबांची, एक तुझी. बाईमाणसाचा कधी वीर असतो का, असं कुणीतरी विचारणारच. विचारू दे. माझी आई त्या सगळ्या वर्षांत खेळत होती का, एवढंच मी विचारीन, आणि मान वर करून विचारीन.

आणि आई, दरवर्षी भुंगा लागायच्या आत मी दोन्ही सुपाऱ्या बदलत जाईन. सोनूला कळू देणार नाही.

तुझी,
मंदा