सोजरचा घास

५ डिसेंबर १९५६
दुपारी कापसाच्या जीनमधल्या बायका ऑफिसात घुसल्या. ऑफिस म्हणजे टेबल, खुर्ची आणि मी. पुढं सोजर, तोंडाची फटकळ. मागणी एकच, जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची तासभर करा. कापसाचा हंगाम ऐन भरात, आणि ह्यांना सुट्टी पाहिजे! "सायब, वस्ती ओढ्यापल्याड. जाऊन लेकराला पाजायचं, का भाकर खायची? दोन्ही व्हत न्हाय." बघू म्हणालो. दारातून वळून म्हणाली, "तुमी दुपारचं घरी जाऊन निजता, तवा आमी काय म्हणतो का?" सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, दाखवलं नाही.

८ डिसेंबर
शेठ सोलापूरहून आले. आता तामलवाडीच्या जुन्या सरहद्दीच्या नाक्यावर कुणी अडवत नाही, त्यामुळं मनात आलं की येतात. निजाम गेल्याचा हा एक तोटा. सुट्टीचं काढलं. "मॅनेजर तुम्ही, ठरवा तुम्हीच. गासड्या कमी पडल्या तर खुर्चीवर दुसरा दिसेल, एवढंच." म्हणजे ठरवू नका. बायकांना सांगितलं, संक्रांतीनंतर बघू. सोजर म्हणाली, "लेकराला सांगू का, संक्रांतीपस्तोर दम धर म्हणून?"
घरी सौ.ला सांगितलं. ती आमच्या बाळाला पाजत होती.

१२ डिसेंबर
सोजर गेली.
लेकराला पाजून परत येताना भोंगा व्हायच्या आत पोचायचं म्हणून रस्ता सोडून तुरीतून आडवी निघाली. पान लागलं. साप कुणी पाहिलाही नाही. आमच्या इंजिनवाल्या उस्मानभाईंनी इंजिन तसंच सोडलं आणि तिला गाडीत घालून तुळजापूरला निघाले. वाटेतच संपली. लेकरू पाच महिन्यांचं.
तीन वाजता जीन पुन्हा चालू केली. मीच केली.

२१ डिसेंबर
दहावा. ओढ्यावर गेलो, मुकादम म्हणाला साहेबांनी यायला पाहिजे. बाभळीवर कावळे होते, खाली एक उतरेना. तिचा नवरा निवृत्ती हात जोडून, "लेकराला जपतो. दुसरी करत न्हाय." कावळे जागचे हलले नाहीत. तेव्हा तिची सासू म्हणाली, "कशात आडकलीया ते मला ठावं हाय," आणि माझ्याकडं बघितलं. शेवटी घास गाईला चारला.
मी असलं मानत नाही. थंडीच्या दिवसांत शेतांत दाणा असतो, कावळ्यांची पोटं भरलेली असतात. इतकंच.
घरी येऊन जेवलो नाही.

२४ डिसेंबर
नवीन खूळ. दुपारी बायका सोजरच्या नावानं भाकरीचा घास आवाराच्या भिंतीवर ठेवतात. त्याला कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवत नाही. एक कावळा येतो, घासाशेजारी बसतो, शिवत नाही. भोंगा होतो. भाकरी तशाच फडक्यात बांधून बायका कामाला. मी ओरडलो, आधी पोटाला खा! शेवंता म्हणाली, "तिला उपाशी ठिवून आमच्या घशाखाली कसं उतरंल सायब?" शेवंता तिची जोडीदारीण, दोघींची यंत्रं शेजारी शेजारी. हिचंही मूल अंगावरचं.
कावळा माझ्या खिडकीकडं तोंड करून बसतो. कावळ्यानं कुठंतरी तोंड करायचंच, हे मला कळतं.

२८ डिसेंबर
शेवंताला यंत्रावर भोवळ आली. पोटात अन्न नाही, दुसरं काय? उस्मानभाईंनी पट्टा उतरवला म्हणून हात वाचला. संध्याकाळी ते ऑफिसात येऊन उभे राहिले. "साब, भोंगा बजाने कू हात नै उठता."
"मग मी वाजवू?" उगाच तोडून बोललो. वडीलधारा माणूस.

१ जानेवारी १९५७
येळवस, वेळा अमावस्येचा शेतातला सण. जीन बंद. मुकादमाच्या शेतात बोलावणं, सौ. आणि बाळासह गेलो. भज्जी, उंडे, आंबिल. सोजरची सासूही आली होती, लेकरू मांडीवर निजलेलं. सौ.नं विचारलं, रडत नाही का हो फार?
म्हणाली, "आज भोंगा न्हाय, म्हून निजलंय. येरवी दुपारचा भोंगा झाला की दाराकडं बघतंय अन् व्हट हालवतंय. त्याला वाटतं आय निगाली."
सौ. उठून विहिरीकडं गेली. माझा घास हातातच राहिला.

३ जानेवारी
आज केलं. मनात हिशेब सरळ होता. शब्द द्यायचा, कावळा उठवायचा, बायका जेवतील, जीन चालेल. पुढचं पुढं. मेलेलं माणूस जाब विचारायला येतंय थोडंच?
भिंतीपाशी जाऊन मोठ्यानं म्हणालो, "सोजर, सुट्टी तासाची केली. मी सांगतो."
तोंडातून शब्द संपतो न संपतो तोच कावळ्यानं घास उचलला.
बायका रडायला लागल्या, रडत रडत जेवायला बसल्या. मी ऑफिसात येऊन दार लावून घेतलं. थट्टेत कुणाला हाक मारावी आणि त्यानं खरंच ओ द्यावी, तसं झालं. मला भीती वाटली. अजून वाटते आहे.

४ जानेवारी
सुट्टी तासाची. सासू लेकराला घेऊन फाटकाशी आली. शेवंतानं आधी आपलं पाजलं, मग सोजरचं घेतलं. आज घास ठेवला नाही. कावळा तरी आला.

७ जानेवारी
शेठ. कुणीतरी चहाडी केलीच. "कावळ्याला विचारून कारखाना चालवता काय?" मी म्हणालो, बायका पोटभर खातात, काम घटलेलं नाही. ऐकायला तयार नाहीत. उद्यापासून अर्धा तास, नाहीतर किल्ल्या टेबलावर ठेवून चालू लागा.
सौ.ला सांगितलं. वाटलं रडेल. म्हणाली, "शब्द तुम्ही दिलाय. मला काय विचारता?" मग बाळाचे कपडे घड्या करत बसली. दोनदा घातल्या, दोनदा मोडल्या.

८ जानेवारी, दुपार
ऑफिसात बसून लिहितो आहे. घरी जेवायला गेलो नाही. किल्ल्या टेबलावर आहेत, शेठ अजून यायचे आहेत.
अर्धा तास झाला. उस्मानभाई भोंग्याची साखळी धरून माझ्याकडं बघतायत. मी मान हलवली की ओढतील. फाटकाशी शेवंता बसली आहे, आत्ता कुठं सोजरचं लेकरू पदराखाली घेतलंय. त्याची एक मूठ बाहेर आहे, उघडते, मिटते.
भिंतीवर तो बसला आहे.
रस्त्याला शेठच्या मोटारीचा धुरळा दिसतोय. उस्मानभाई अजून बघतायत. मी मान खाली घालून लिहितो आहे, म्हणजे चुकून हलायला नको.