मनगटावरचा पट्टा

दुधाळी, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. राजवर्धन यास,

अनेक आशीर्वाद. सूनबाईंना आणि सार्थकला विचारल्याचं सांग. मी बरा आहे. खरंच बरा आहे, आणि सगळी अडचण तिथंच आहे.

फोनवर बोलायला गेलो की जीभ टाळूला चिकटते, म्हणून लिहितोय. कागदांचे फोटो काढून पाठवीन. शेवटपर्यंत वाच, मधेच फोन करू नकोस.

इकडं थंडी सरली. गुडघा आहे तसाच. तू बसवून दिलेली यंत्रं झकास चालतात. न्हाणीत पाऊल टाकलं की दिवा लागतो, गॅस चुकून चालू राहिला तर ओट्यावरची डबी ठणाणा करते. तुझी आई गेल्यावर मी एकटा या घरात राहू शकलो तो या यंत्रांच्या जिवावर, हे मी चारचौघांत सांगतो.

तू त्या पट्टेवाल्या कंपनीशी भांडण काढलं आहेस, की तुमच्या पट्ट्यानं माझ्या ठणठणीत बापाचं हृदय थांबल्याचं सांगितलं. ते भांडण आता मिटव. माझी पावलं आणि ठोके तुला तिकडं फोनवर दाखवणाऱ्या त्या पट्ट्यात काही बिघाड नाही.

जोतीराम गेल्याचं सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "काय योगायोग आबा, त्याच दिवशी!" योगायोग नव्हता राजा. त्या सकाळी पट्टा जोतीरामच्या मनगटावर होता.

रोजच असायचा. पावलं कमी पडली की तू म्हणायचास, आता घर बंद करा आणि सिंगापूरला या. मला तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना नाकी नऊ येतात. हे मी जोतीरामच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "आन हिकडं त्यो पट्टा. कंडक्टरनं घंटी मारायची, गाडी ड्रायव्हरनं हाणायची. आपलं पयल्यापासनं तसंच हाय की." चंदगडच्या गाडीवर उभी हयात आम्ही दोघांनी अशीच काढली, तुला ठाऊकच आहे.

सकाळी तो खिडकीखाली येऊन हाक मारायचा, मी पट्टा बांधून द्यायचो. रंकाळ्याला फेरी मारून, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन तो पट्टा परत आणायचा. मग तुझा फोन, "वा आबा, आज भारी चाललात!" आम्ही दोघं पोरांसारखे खिदळायचो.

जानेवारीत तुझा सूर बदलला. "आबा, जरा कमी चाला. छातीत काही होतं का?" मी म्हणालो, काही होत नाही, दगडासारखा आहे. कारण तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. जोतीराम मात्र चिडला. "कमी चाला? म्हातारं समजतंय व्हय पोरगं? उद्यापासनं दोन फेऱ्या!" आणि मी म्हणालो, "मार की. होऊ देत त्याचे डोळे पांढरे." हे माझेच शब्द. ते आता कानातून जात नाहीत.

त्या दिवशी मी चहा गाळत होतो आणि तुझा फोन आला. "आबा, आडवे व्हा! हलू नका! अँब्युलन्स निघालीय!" मला हसू फुटणार होतं. पण तू रडत होतास. "तुमची नाडी लागत नाही, आबा." मग एकदम डोक्यात प्रकाश पडला, पट्टा जोतीरामच्या हातात आहे. तिथल्या तिथं तुला सांगायला हवं होतं. फोन टाकला आणि अनवाणी बाहेर पळालो.

अँब्युलन्स दारातच. पत्ता माझ्या घराचा, त्यांचं काय चुकलं? दोघांनी मला धरलं.

"विजयसिंहराव तुमीच न्हवं? झोपा बघू."

"पेशंट मी न्हवं! रंकाळ्याला चला, रंकाळ्याला!"

"व्हय व्हय, जाऊ की रंकाळ्याला. आदी झोपा."

त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. मी जितका ओरडलो तितकं त्यांनी मला दाबून धरलं. छातीला वायरी लावल्या, ठोके बघितले आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. तेव्हा कुठं गाडी रंकाळ्याकडं वळली.

कठड्यापाशी लोक जमले होते. कुणीतरी त्याच्या तोंडावर पाणी मारत होतं. त्याला गाडीत घेतला. अंग अजून गरम होतं. आणि मी काय केलं माहितीय? त्याच्या मनगटावरचा पट्टा सोडला आणि खिशात घातला. मित्र डोळ्यांदेखत जात होता आणि मी पट्टा लपवत होतो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. पुढचं मी ऐकलं नाही. घरी येऊन तुला म्हणालो, यंत्र बिघडलंय. तू हुंदके देत हसलास.

हे सगळं मी गिळून बसणार होतो. पण परवा तू सहज बोलून गेलास की कितीतरी आठवडे पट्टा सकाळचे ठोके चुकल्याचं दाखवत होता. तिकडचा डॉक्टर म्हणाला होता, लगेच तपासून घ्या. आणि आबा घाबरतील म्हणून तू ते मला सांगितलं नाहीस, मार्चमध्ये येऊन स्वतः न्यायचं ठरवलंस. तू एक शब्द बोलला असतास तर मी जोतीरामला बखोटीला धरून दवाखान्यात नेला असता. मी एक शब्द बोललो असतो तर तूच मला त्याला न्यायला लावलं असतंस. तू बापाला जपलंस, मी हे घर जपलं, आणि मधल्यामधे जोतीराम गेला.

जोतीरामच्या बायडावहिनी येईल त्याला सांगत होत्या, "भावजी हुते म्हणून गाडी तरी आली." मला ते ऐकवेना. काल बाराव्याची माणसं पांगल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, चप्पल काढतील. काढली असती तर बरं झालं असतं.

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "रातचं दम लागायचा त्यास्नी. म्या म्हणायची, दावा की डॉक्टरला. तर हसायचं. 'मला काय धाड भरलीया? रोज पार शिंगापुरातनं सांगावा येतोय, माझं समदं झ्याक हाय म्हणून.' मला वाटायचं, चेष्टा करत्यात."

राजा, तिकीट काढ. माझ्यासाठी नको. मी एकट्यानं सांगून हे भागत नाही. तूही वहिनींसमोर येऊन बस.

तू ज्याला वाचवायला धावलास तो,
तुझा आबा