पिवळं औषध उतरेना

सोमवार, ३ ऑगस्ट
ऑकलंडच्या इस्पितळात आज बस्तान बसवलं. पलंग बटणावर वरखाली होतो. तासभर तोच खेळ केला. उद्या गुडघ्याच्या गाठीवर पिवळं औषध. नर्स आकोसिता फिजीची, भारी फटकळ. म्हणाली, एवढ्या मात्रेत हे विषच. गाठीला मारायचं आणि लगेच लघवीवाटे निघून जायचं. रेंगाळलं तर आधी मूत्रपिंडं, मग सगळंच. म्हणून सलाइनमधून खायचा सोडा चढवायचा, आणि दर वेळी लघवीत कागदी पट्टी बुडवून आंबटपणा बघायचा. एवढी घोडी झालेय, बाटलीत मुतून शाबासकी मिळवते!

संध्याकाळी फुआतिनो मावशी आली, खास माझ्यासाठी सामोआहून आलेली. आधी प्रार्थना, मग नारळाच्या दुधातला तारोचा कंद, मग विंटरग्रीनच्या, त्या अंगदुखीवरच्या उग्र वासाच्या तेलानं पाठ-मांड्या चोळल्या. अख्ख्या वॉर्डला आमच्या चर्चातल्या म्हाताऱ्यांचा वास सुटला. काय झोप लागली!

मंगळवार
औषध गेलं. पोटात ढवळतंय. हाडं ठणकतात. मावशीचा हात फिरला की बरं वाटतं.

बुधवार
उताऱ्याच्या गोळ्या सुरू. रक्तातलं औषध मात्र म्हणावं तसं उतरलेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही घेतेस? ॲस्पिरिन? झाडपाला? मावशी भडकलीच. पोरीच्या पोटात बाहेरचा कणही गेला नाही म्हणे, बायबलवर हात ठेवू? खरंच आहे ते. दुखणं वाढलंय, म्हणून ती आता दोनदा चोळते. मोठ्यांचा हात आम्ही नाकारत नाही, आणि मला तो हवाच असतो.

गुरुवार
माझ्याबरोबर हेच औषध घेतलेली शेजारच्या पलंगावरची बाई घरी गेली. माझ्या रक्तातलं औषध तिथंच. मूत्रपिंडं थकलीत म्हणाले. उतारा वाढवला. लघवी जेमतेम. तोंडात आग. मला भीती वाटतेय.

शुक्रवार
तोंड आतून सोललंय. जीभ हलत नाही, शब्द फुटत नाही. कातडी लाल. मावशी रडते — आणि आणखी तेल लावते.

शनिवार
मावशी तेलाची बाटली इथंच विसरली. तिच्यावरची चिठ्ठी वाचली. बारीक अक्षरं — ॲस्पिरिनच्या जातीचं द्रव्य — कातडीतून आत जातं —

रोज. दोनदा. विष अडवून धरलंय त्यानंच —

बिचारी मावशी. तिला कसं —

आकोसिताला लिहून दाखवते. घंटीचं बटण दाबलंय. येत का नाही —

मावशी आली. बाह्या सारतेय. म्हणते, तालिता, डोळे शिणतील, पेन दे बाळा. नको म्हणून मान हलवली. तिला वाटलं थंडी वाजतेय. हात किती ऊबदार —

आकोसिता, हे तेल थां