चर्चच्या आवारातली शेळी

प्रेम नगर, झाशी
विसर्जनाचा दिवस

तीर्थस्वरूप आबासाहेबांच्या चरणी वामनचा नमस्कार (गुडघा वाकत नसल्याने साष्टांग नाही, तो समक्ष आल्यावर, कोणी उठवायला असेल तर). आपली प्रकृती कशी आहे? एरचला बेतवेचं पाणी कुठवर चढलं? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे आपल्या भगिनी प्रमोदिनी खुशाल आहेत, जरा जास्तच खुशाल होत्या, ते पुढे येईलच. पत्र केवळ ख्यालीखुशालीसाठी आहे, दुसरं काही काम नाही. (फोन केला असता, पण आपण फोनवर सगळ्याला "हो हो" म्हणता आणि खाली ठेवला की विसरता. म्हणून एरचच्या बसच्या कंडक्टरबरोबर पाठवतो आहे.)

रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून मला कोणी विचारीनासं झालं होतं. ऑफिसात निदान साहेब रागवायचे तरी. अशात मागच्या वर्षी शेजारच्या चर्चचे पादरी मसीहजी भिंतीवरून म्हणाले, "वामनजी, खाली बैठे हैं तो कुदाल ही पकड़ लीजिए।" मी पकडली. चर्चच्या आवारात घाणेरीचं आणि विलायती बाभळीचं रान माजलं होतं. ते काढून तिथे आपल्याच मातीतली झाडं लावायची, असं त्यांनी मनावर घेतलं होतं : पळस, मोह, करवंद, अर्जुन, बेल, शमी. कॉलेजच्या मुली आल्या, सीपरी बाज़ारातला एक पंक्चरवाला भैया दुकान बंद करून यायचा, आणि मी. (घरच्या तुळशीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, हे आपल्या भगिनींनी मला रोज ऐकवलं.) हाताला फोड आले, पण आबासाहेब, निवृत्तीनंतरचे माझे तेवढेच दिवस सुखाचे गेले.

मसीहजी दिवाळीला निवृत्त होऊन जबलपूरला मुलीकडे जायचे आहेत. जाण्याआधी बाग मार्गी लागावी, एवढीच त्यांची इच्छा. चर्चच्या कमिटीच्या मनात मात्र तिथे फरशी घालून जागा लग्नाच्या मांडवांना भाड्याने द्यायची आहे. मसीहजींनी हात जोडून पावसाळ्यापुरती मुदत मागून घेतली. येत्या रविवारी कमिटी पाहायला येणार; रोपं जगलेली दिसली तर बाग, नाही तर फरशी.

आता आपल्या लोकांचं गणपतीचं वेड आपणांस काय सांगावं! झाशीत एकवीस पत्री मिळतात कुठे? बाजारातली माळीण दरवर्षी पाच झाडांचा पाला एकवीस नावांनी देते, आणि आपण डोळे मिटून वाहतो. यंदा मी हौसेने घरी बोलून गेलो की चर्चमध्ये बहुतेक सगळी पत्री उभी आहे. शिवाय मसीहजींनी प्रत्येक रोपाला स्वतःच्या अक्षरात नावाची चिठ्ठी बांधलेली. मग काय, दुकान मांडल्यासारखंच झालं की!

काल चतुर्थीच्या सकाळी मसीहजी मला हाताला धरून आत घेऊन गेले. अर्जुन, बेल, शमी, हादगा, डाळिंब, साऱ्यांच्या नुसत्या काड्या उरलेल्या. "बकरियाँ घुस गईं," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले. शेळ्यांच्या मालकाला चार शिव्या हासडणार, तोच माझी नजर पळसावर गेली. पळस टवटवीत! मोहाला, करवंदाला कोणी बोटही लावलेलं नव्हतं. पत्रीत पळस नसतो, हे कोणत्या शेळीला ठाऊक असतं? घरी आलो तर चौरंगापाशी तबकात ताजी, ओली, अस्सल पत्री, आणि तिच्याकडे कौतुकाने बघत बसलेल्या प्रमोदिनी व शेजारच्या चंपाकाकू. मी ओरडलो तेव्हा काकू म्हणाल्या, "एका देवाच्या अंगणातून दुसऱ्या देवाला नेलं, यात चोरी कुठली?" पण रविवारचं सांगितल्यावर प्रमोदिनी तबकातल्या डहाळ्या एकेक करून मोजू लागली.

त्यातून संध्याकाळच्या आरतीला मसीहजींना मीच आमंत्रण देऊन बसलो होतो. ते आले, पांढराशुभ्र कुर्ता घालून. मी पत्री झाकायला फुलं पसरली, तरी अर्जुनाच्या डहाळीला चिठ्ठी तशीच लोंबत होती. त्यांनी आपलं अक्षर वाचलं. सगळी आरती टाळ्या वाजवल्या, मोदक मागून घेतले, आणि जाताना दारात मला हळूच म्हणाले, "वामनजी, बकरियों से कहिएगा, मोदक बहुत अच्छे बने थे।"

आज सकाळी आमच्या घरची शेळी घागर घेऊन तिकडे गेली. निर्माल्यही आम्ही त्याच रोपांच्या बुडाशी घातलं. विसर्जनाला मसीहजी भिंतीपाशी उभे होते. पोरं "पुढच्या वर्षी लवकर या" ओरडत होती. पुढच्या वर्षी त्या भिंतीपलीकडे कोण असेल, हे मनात आलं. फार वाईट वाटलं.

कळावे, लोभ आहेच. तो या पत्रानंतरही राहावा.
आपला,
वामन

ता. क. आपल्या शेतात बेतवेच्या काठाला अर्जुन, बेल, शमी आपोआप उगवतात आणि आपण तण म्हणून उपटून फेकता. ती मुळाशी माती ठेवून शनिवारच्या आत ट्रॅक्टरने पाठवावीत. रातोरात लावून टाकू, कमिटीला काय कळतंय! मसीहजींना मी विचारलेलं नाही, ते नको म्हणतील.

ता. क. (प्रमोदिनीकडून) दादा, यांनी पत्र डकवायच्या आत मी वाचलं. सकाळी पाणी घालायला गेले तेव्हा मसीहजींपुढे मीच सगळं कबूल केलं. ते म्हणाले, उसनी रोपं लावायची नाहीत, आहेत त्या काड्याच दाखवू; मुळं जिवंत आहेत. रविवारी आम्ही सगळ्या बायका तिथे जाणार, आणि पाला कुठे गेला ते कमिटीला मी सांगणार. रोपं राहू देत, दादा. तुम्ही या. इतक्या लोकांपुढे मी कधी बोलले नाही.