ताई माझ्या अंगात राहते

तीर्थरूप ताईस,

लांबूनच आणि मास्क लावून केलेला नमस्कार पोचावा. तुझी कंबर कशी आहे? (उगीच रीत म्हणून विचारत नाही. माझ्यासाठी हाडातली मज्जा काढली तिथं थंडीत अजून ठणकतं, असं भावजी म्हणाले. तू काही सांगणार नाहीस.)

मी बरा आहे. मात्र 'मी' हा शब्द लिहिताना हल्ली पेन अडखळतं. माझं जुनं, कर्करोग झालेलं रक्त औषधांनी पुसून टाकलं आणि तिथं तुझ्या पेशींनी बिऱ्हाड थाटलं, हे तुला ठाऊक आहेच. परवा एका नव्या प्रयोगशाळेतून फोन आला. "नळीवर नाव पुरुषाचं आहे आणि रक्त बाईचं. अदलाबदल झाली का हो?" म्हटलं, "नाही, ती माझी थोरली बहीण." "मग त्यांनाच द्या ना फोन!" देता आला असता तर दिला असता. (ती तर माझ्याबरोबरच आहे, असं मी त्यांना म्हणालो. हे खरं की खोटं, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.)

तर हे पत्र म्हणजे तक्रार समज. पाहुण्यानं आल्या आल्या यजमानाची कपाटं उघडू नयेत. तुझ्या पेशींनी माझी कातडी, पोट, तोंडाचा आतला भाग, सगळं तपासलं आणि 'हे कुणाचं? हे इथं कशाला?' म्हणत अंगभर लाल चट्टे उठवले. हुबेहूब तुझा स्वभाव. डॉक्टर म्हणतात, थोडं भांडण चांगलं, त्यात लपलेला आजारही मारला जातो. केस परत आले तेही कुरळे, तुझ्यासारखे. (औषधांनी असं होतं, बहिणीचा काही संबंध नाही, असंही डॉक्टर म्हणतात. त्यांनी तुझे शाळेतले फोटो पाहिलेले नाहीत.)

आणि ते शेंगदाणे! जन्मभर वावडं तुला, डबे फस्त करणारा मी. घरी आल्यावर एक दाणा तोंडात टाकला आणि आरशात बघतो तर तू. तेच टम्म ओठ, तेच बारीक झालेले डोळे, तोच राग. बायको चहा घेऊन आली ती दारातच थबकली. "अगंबाई, वन्सं, तुम्ही कधी आलात?" तिच्या तोंडून निघून गेलं. मग आम्ही दोघंही हसलो. ती जरा लवकर थांबली, आणि तेव्हापासून चहा टेबलावर ठेवून जाऊ लागली.

लहानपणच्या लसीही पुसल्या गेल्यात, म्हणून पुन्हा बाळांच्या रांगेत बसलो. नर्सनं विचारलं, "बाळ कुठंय?" मी हात वर केला. ती म्हणाली, "रडणार नाही ना?" शेजारच्या मांडीवरचं एक बाळ खुदकन हसलं. माझ्याकडे बघून नव्हे, माझ्या खांद्याच्या किंचित मागे बघून. मी वळून पाहिलं. मागे भिंत होती. बाळ तरीही मान कलती करून तिकडेच बघत राहिलं, ओळखीचं माणूस बोलत असावं तसं.

आता आनंदाची बातमी. मागच्या आठवड्यात मुलीच्या वाटीतला एक दाणा चुकून तोंडात गेला आणि काहीच झालं नाही! मग मुद्दाम मूठभर खाल्ले. तरी काही नाही! वाटलं, चला, आपलं एकदाचं जुळलं. बायकोनं दाण्यांचा डबा पुन्हा खालच्या फळीवर आणून ठेवला आणि कितीतरी दिवसांनी चहा माझ्या हातात दिला.

भावजींना नमस्कार. कंबर शेकत जा.

तुझा (निदान हाडामांसानं तरी)
धाकटा भाऊ

ता. क. त्या नळीचा अहवाल आला. माझ्या रक्तात तू सगळीच्या सगळी होतीस, आता तुझा वाटा घटतोय. माझ्या जुन्या पेशी परत येताहेत, आणि आजार त्यांच्यातलाच होता. डॉक्टरांना दाण्यांची गंमत सांगितली. ते हसले नाहीत. तुझ्या थोड्या पांढऱ्या पेशी आणखी मिळाल्या तर त्या यांना कदाचित आवरतील. नक्की असं कुणी म्हणत नाही. या वेळी भूल नाही, कंबरेला हात नाही, दोन्ही हातांत सुया घेऊन काही तास पडून राहायचं. सुई नुसती दिसली तरी तुला भोवळ येते, माहीत आहे. फोन केला असता तर माझा आवाज ऐकूनच तू हो म्हणाली असतीस, म्हणून पत्र. पत्राला नाही म्हणता येतं. (हे लिहून मी तुझ्यावर दडपण आणतोय का? आणतोय. तरी खोडत नाही.)

ता. ता. क. आज सकाळी पुन्हा दाणे चावून खाल्ले आणि आरशासमोर जाऊन बसलो. पुष्कळ वाट पाहिली. ओठ जसेच्या तसे. आरशात मी एकटाच होतो.