शाळेच्या वाटेवरची सोळा यार्ड भिंत

मी जोनस टोबायस वॉलर, वय वर्षे चोवीस, जन्म यॉर्कशायरातल्या ग्रेनथ्वेट गावचा, सध्या मुक्काम लिव्हरपूल, रिमरबाईंच्या खानावळीतली माडीवरची मागची खोली, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, पोटात चहाखेरीज काही नाही, आणि मला कोणी भरीला घातलेले नाही. घातले असेल तर जहाज कंपनीचे कारकून फॅझाकर्ली यांनी. येत्या गुरुवारी मी व्हेल मारणाऱ्या जहाजावर दक्षिणेला जाणार, परत येणार मे महिन्यात. फॅझाकर्ली म्हणतात, तिकडच्या पाण्यात पडलेल्या माणसाला धड हाक मारायलाही वेळ मिळत नाही, तेव्हा जे काही असेल ते लिहून टाक. म्हणून लिहितो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर. वडील गेल्यावर ग्रेनथ्वेटचे घर आम्हा दोघा भावांत निम्मे निम्मे आले. माझा हिस्सा थोरला भाऊ अब्नर याला. मी त्या घरात एकवीस वर्षे राहिलो आणि त्यातली बरीचशी दाराकडे बघण्यात घालवली. स्वयंपाकघरावरचे छप्पर गळते. तिथली दगडी पाटी मीच बसवली होती, त्याबद्दल कोणी दुसऱ्याला बोलू नये.

कलम २. पोस्टात जे काही निघेल त्यात माझे दफन उरकावे. दफन करायला मीच सापडलो नाही तर त्या पैशांची संत्री घेऊन ग्रेनथ्वेटच्या शाळेतल्या मुलांना वाटावीत. मास्तरांना देऊ नयेत.

कलम ३. हत्यारे. भिंतीचा उतार धरायचा लाकडी साचा आणि सुतळी घरीच आहेत. हातोडा माझ्याजवळ आहे, तो अब्नरला. मुळात तो वडिलांचा. त्यांच्या अंगठ्याने दांडा एका जागी झिजला आहे. माझा अंगठा तिथे कधी नीट बसला नाही.

आमच्या आडनावाचा अर्थ भिंत रचणारा. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि मधल्या पोकळीत बारीक चिपांची भर. एकदा उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही, त्याला भिंतीत जागा शोधायची, अशी घरची रीत. मी घर सोडल्यापासून तीन वर्षे जिथे जाईन तिथे या आडनावाची माणसे शोधायची मला खोडच लागली. प्रेस्टनला एक वॉलर पियानो विकतो. त्याला म्हटले, "मीही वॉलर." तो म्हणाला, "किंमत कमी होणार नाही." बोल्टनला एक वॉलरबाई आहे, नवऱ्याच्या माघारी दात काढते. तिने माझे हात उलटसुलट करून पाहिले. म्हणाली, "आमच्यात कुणी दगड उचलला असेल तर शेजाऱ्याच्या काचेवर मारायला." चांगली बाई. दाढही बरी काढली. भिंतीला हात न लावता इतके वॉलर सुखाने जेवतात हे बघून मला हलके वाटायला हवे होते. वाटले नाही. त्यांनी भिंत रचली नव्हती, एवढेच. वाईटही रचली नव्हती.

इथे मी उठून जरा गोदीपर्यंत फिरून आलो.

कलम ४. रिमरबाईंना माझी किटली द्यायची होती. पण फॅझाकर्ली म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. बाई म्हणाल्या, "गळकी किटली ना ती? मग मी साक्षीदारच होईन." तेव्हा किटली ज्याला हवी त्याने न्यावी. शेतकरी मेटकाफ यांना माझ्याकडून काही नाही. ते माझ्या वडिलांना "ए दगड्या" म्हणून हाक मारायचे. मात्र पुढचे कलम वाचल्यावर त्यांना अब्नरची माफी मागावी लागेल. ते ओझे मी त्यांच्या नावे करतो.

कलम ५. वडील असते तर हे मी लिहिले नसते.

चार वर्षांपूर्वीच्या शरदात मेटकाफ यांच्या खालच्या कुरणाची, शाळेच्या वाटेला लागून असलेली वीस यार्ड भिंत मी एकट्याने रचली. दर यार्डाला एक आरपार दगड घालायचा असतो. तो भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत जातो, दोन्हीकडे बोटभर बाहेर दिसतो, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवतो. असे वीस लांब दगड मला आणून दिले होते. एकेक उचलायला दोन माणसे लागतात. अब्नर वरच्या कुरणात होता, आणि शनिवारी हॉज गावची जत्रा होती. मी ते वीसच्या वीस उतारावरून ओढ्याकाठच्या झुडपात ढकलले. त्यांच्या जागी दोन्हीकडून आखूड दगडांचे तुकडे खोचले, समोरासमोर, तेवढेच बोटभर बाहेर. आत चिपांऐवजी माती. भिंत पुरी झाली त्या संध्याकाळी वडील काठी घेऊन आले, दोन्ही अंगांनी चालत गेले, प्रत्येक टोकावर काठी वाजवली आणि म्हणाले, "बरी आहे." ते आयुष्यात एवढेच कौतुक करत. मी जत्रेला गेलो.

फेब्रुवारीत बर्फ पडले. वाऱ्याच्या आडोशाला मेंढ्या भिंतीला चिकटून बसल्या होत्या. त्यातली चार यार्ड भिंत अंगावर येऊन मेटकाफ यांच्या अकरा मेंढ्या मेल्या. दगड बाजूला करताना अब्नरला ते तुकडे सापडले. दोन्ही हातांत एकेक घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला.

"हे काय?"

"दगड."

"थोबाड फोडीन, जोनस. अजून किती ठिकाणी आहे असं?"

"एवढंच."

"खरं सांग."

"खरंच एवढंच."

तोवर वडील पोचले. अब्नरने तुकडे पुढे केले. "बाबा, हा भाग माझा. जोनसला जत्रेची घाई होती, राहिलेलं मी उरकलं."

"उरकलं?" वडील म्हणाले. पुढे काहीच बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि उन्हाळ्यात जाईपर्यंत अब्नरशी कधीच नाही. माझ्या उरलेल्या सोळा यार्डांकडे मात्र काठी दाखवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "हे धाकट्यानं रचलंय." अब्नर ऐकत उभा असे. मी त्याला विचारले, कशाला अंगावर घेतलेस? तो म्हणाला, "माझं लग्न झालंय, मी इथंच मरणार. तुला हे घेऊन गावोगाव फिरावं लागलं असतं."

तेव्हापासून त्या खोऱ्यात त्याला कोणी भिंतीचे काम देत नाही. तो सरकारी रस्त्यावर खडी फोडतो.

मागच्या आठवड्यात त्याचे पत्र आले. त्यात शेवटी एक ओळ: "शाळेच्या वाटेवरच्या तुझ्या भिंतीला थोडं पोट सुटलंय, मेटकाफ म्हणतात वसंतात कुणाला तरी दाखवू. पोरं वारा असला की अजून तिथंच पाठ टेकून पाव खातात."

तेव्हा मी जाहीर करतो की चारही यार्ड माझे होते आणि उरलेल्या सोळा यार्डांतही एकही आरपार दगड नाही. ती भिंत पहिल्या कडाक्याच्या थंडीत आतली माती गोठून फुगायच्या आत पाडावी. खरे दगड ओढ्याकाठी, वाकड्या पुलाच्या खालच्या अंगाला आहेत.

इथवर लिहून मी कागद सहीसाठी खाली नेला. रिमरबाई वाचल्याशिवाय दुधवाल्याच्या चिठ्ठीवरही सही करत नाहीत. त्यांनी उभ्यानेच सगळे वाचले.

"हे उघडणार कधी?"

"मी मेल्यावर."

"आणि नाही मेलास तर?"

"मग मे महिन्यात येतोच आहे."

"म्हणजे भिंत मे महिन्यापर्यंत तुझी वाट बघत बसणार, होय रे?"

फॅझाकर्ली म्हणाले, "बाई, कायद्याच्या दृष्टीने कागद अगदी बरोबर आहे."

"कागद बरोबरच आहे हो. मी भिंतीचं विचारतेय."

"मी भावाला पत्र टाकतो," मी म्हणालो.

"टाक ना. आणि पाडणार कोण? ज्याला गावात कुणी दगडाला हात लावू देत नाही तो? का ते वसंतवाले मेटकाफ?"

मी कागद घेऊन परत माडीवर आलो.

कलम ६. सोळा यार्ड पाडायला एक दिवस. ते मणामणाचे वीस दगड ओढ्याकाठून वर आणायला दुसरा माणूस, म्हणजे अब्नर. परत रचायला, घाई केली नाही तर, आठवडा. मी हा हिशेब समासात तीनदा केला. तिन्ही वेळा गुरुवार निघून जातो. नुसती पाडून गुरुवारी जहाज गाठता येईल, हेही मनात येऊन गेले. मी तसा आहे.

म्हणून कलम ५ तूर्त रद्द समजावे. ते मी अब्नरला तोंडाने सांगणार आहे, आणि नंतर रविवारी चर्चच्या दारात, मेटकाफ हजर असताना. मी आजच्याच गाडीने निघतो. अब्नर मला मारेल. त्याला मारू द्यावे, भावजयीने मध्ये पडू नये. पाडताना भिंत माझ्यावर आली तर कलम ५ पुन्हा लागू, आणि राहिलेले काम अब्नरने करावे. दर यार्डाला एक.

सही: जोनस टोबायस वॉलर

साक्षीदार पहिले: ऑगस्टस फॅझाकर्ली, कारकून. वरील इसमाने आम्हा दोघांसमोर सही केली. त्याच्या सांगण्यावरून गुरुवारच्या जहाजाच्या यादीतले त्याचे नाव मी खोडले आहे.

साक्षीदार दुसऱ्या: एलेन रिमर, विधवा. सगळे वाचून सही केली. सही झाल्यावर तो परत फिरायला म्हणून गोदीकडे वळला होता. मी त्याला स्टेशनपर्यंत पोचवून, गाडी हलेपर्यंत फलाटावर उभी राहून, मग ही ओळ लिहिली आहे.

ठिकाण लिव्हरपूल, सोमवार, १२ ऑक्टोबर १९३६.